रंभाजी आबांचा तवा

मागच्या महिन्यात लेकीनं मला पुण्यातल्या एका कॅफेत नेलं. जेवणाची यादी वाचता वाचता ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला आवडतं ना ते बेकनचं सँडविच, इथं मिळतं." मागवलं. पाव खालून ओला, टोमॅटो चावताना बाहेर सटकणारा, आवोकाडो काळवंडलेला आणि बेकन चपलेच्या पट्ट्यासारखं चिवट. मी वेटरला बोलावून शांतपणे विचारलं, "तुमच्या आचाऱ्याला ऐकू कमी येतं का हो?" तो बिचारा गडबडला आणि लेक लाजेनं लाल झाली. चवीचा आणि कानाचा काय संबंध, असं तिनं घरी येईपर्यंत तीनदा विचारलं.

संबंध आहे. तो मी डोळ्यांनी पाहिलेला आहे, आणि तोही बीड जिल्ह्यात, गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या एका माणसाच्या हाताखाली. त्या माणसानं जन्मात मटणाचा रस्सा ओठाला लावला नाही. तरीही बेकन, म्हणजे मीठ लावून धुरावलेलं डुकराचं मांस, त्याच्यासारखं भाजणारा दुसरा मला अजून भेटायचा आहे. त्यांचं नाव रंभाजी. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो.

वडवणीच्या पुढं आमचा सहकारी साखर कारखाना होता. मी तिथं प्रयोगशाळेत केमिस्ट. साताऱ्याकडचा, एकटा जीव, म्हणून मला कारखान्याच्या गेस्ट हाउसची मागची खोली मिळाली होती. खोलीला लागूनच आबांचं स्वयंपाकघर. पहिल्या दिवशी प्रवासानं दमून, भुकेनं कासावीस होऊन मी दारात उभा राहिलो आणि विचारलं, "जेवायला काही आहे का?" समोर एक उंच, वाळलेला म्हातारा धोतर खोचून चुलीपुढं उकिडवा बसला होता. डोळे मिटलेले, मान कढईकडं झुकवलेली. त्यानं माझ्याकडं न बघता फक्त तर्जनी वर केली.

"गप. ऐकायलोय."

मी गप्प झालो. कढईत फोडणीत मोहरी तडतडत होती. ती तडतड ओसरली, तसं त्यांनी जिरं टाकलं, मग पुन्हा कान लावला, मग कांदा. पाच मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले, "हां, बोला आता. कुठून आलाव?" त्या दिवशीचं पिठलं मी आजही विसरलेलो नाही, आणि ती तर्जनीही नाही. पुढं कितीतरी वर्षं ती माझ्यापुढं उभी राहत आली. चेअरमनपुढंही राहायची.

आबांचं सगळं कामकाज कानावर चालायचं. स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं, रेडिओ तर त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. भाताला किती पाणी उरलं ते शेजारच्या खोलीतून सांगायचे. फाटकाशी जीप वळली की तिच्या आवाजावरून चेअरमन साहेब रागात आहेत की नाही हे ओळखायचे आणि त्याप्रमाणे चहात साखर कमीजास्त करायचे. मी त्यांना चिडवायचो, "आबा, माझ्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या उगाच घेतल्या, तुमचे कानच ठेवायला हवे होते." ते म्हणायचे, "तुमच्या नळ्या लई महाग हायत. कान फुकट हायत म्हून तुमाला त्येची किंमत न्हाई."

खरी गंमत पुढंच आहे. आबा केलेलं काहीच चाखत नसत. वरणाचं मीठसुद्धा नाही. मला आधी वाटलं, हा त्यांचा ताठा. एकदा विचारलंच. तेव्हा ते भाकरी थापता थापता म्हणाले, "नैवेद्य करतात तवा तुमची आई चाखून बघती का?"

"नाही."

"मग मीठ चुकतं का तिचं?"

"नाही."

"मग मला कावून इचारायलाव?"

आमच्या घरात आई सणाला देवासाठी पुरणावरणाचा स्वयंपाक करायची, वासही न घेता, आणि मीठ कधी कमी पडलं नाही की जास्त झालं नाही. घरोघरच्या बाया हे करतात आणि त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटत नाही. आबांनी तेवढंच केलं होतं. समोर बसेल त्या पाहुण्याचा स्वयंपाक नैवेद्यासारखा रांधायचा, एवढा एकच नियम त्यांनी आयुष्यभर पाळला. पाहुणा कोण आणि तो काय खातो, हा त्याचा प्रश्न.

आणि असा पाहुणा आला. माझ्या पहिल्याच हंगामात नवीन टर्बाइन बसवायला मॉरिस साहेब नावाचा एक गोरा इंजिनीअर सहा महिने गेस्ट हाउसवर राहिला. माणूस भला, पण आमच्या तिखटानं त्याचे हाल झाले. पंधरा दिवसांत गालफडं बसली. शेवटी सुटे भाग आणायला पुण्याला जाणाऱ्या जीपमधून त्यानं बर्फाच्या पेटीत घालून बेकन मागवलं, आणि दोन आवोकाडो, आणि आबांपुढं आणून ठेवलं. आम्हाला वाटलं, आता आबा माळ दाखवतील आणि हात जोडतील.

आबांनी पेटीत वाकून पाहिलं. "डुकराचं का?" मी मान हलवली. ते उठून मागच्या अंगणात गेले आणि कडूलिंबाखाली तीन दगड मांडू लागले. आमच्याकडं माळकऱ्याच्या घरात कुणा पाहुण्याला मटण करून घालायचंच झालं, तर ते घरात शिजत नाही. अंगणात वेगळी चूल मांडतात, भांडंही वेगळं, आणि ते घराबाहेरच राहतं. आबांनी साहेबासाठी तेच केलं. एक बिडाचा तवा घेतला, त्याच्या कडीला लाल चिंधी बांधली आणि तो तवा पुढं कायम लिंबाच्या बेचक्यातच राहिला. काम झालं की अंघोळ करूनच ते आत यायचे, थंडी असो की ताप.

साहेबानं सँडविच एकदाच करून दाखवलं. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती. पण साहेब तव्याकडं बोट दाखवायचा आणि आबा कान लावायचे. तिसऱ्या दिवशी आबांनी साहेबाला बाजूला बसवलं आणि त्याच्यापुढंही तर्जनी धरली.

ती कृती मी इतक्यांदा बघितली की आता झोपेतही सांगेन. तवा गार असतानाच त्यावर बेकनच्या पट्ट्या मांडायच्या, तेलाचा थेंब नाही. खाली जाळ अगदी मंद. आधी काहीच ऐकू येत नाही. मग एका कडेला बारीक चुरचुर सुरू होते, ती वाढत जाते, आणि मग तवा नुसता कलकलाट करतो. "ह्ये पानी बोलायलंय," आबा म्हणायचे. "पानी हाय तंवर आरडाओरडा. पानी सरलं की चरबी बोलती, ती हळू बोलती." हळूहळू आवाज बारीक होत जायचा, बुडबुडे लहान व्हायचे. आवाज बसला रे बसला की तवा खाली. एक क्षण आधी काढलं तर मऊ, एक क्षण उशीर झाला तर कडू. मी केमिस्ट असल्यामुळं हे सगळं शास्त्रानं समजावून देऊ शकतो, पण मी स्वतः आठ वेळा करून आठही वेळा जाळलेलं आहे.

बाकीची तयारी त्यांची स्वतःची. टोमॅटोच्या चकत्यांना मीठ लावून त्या फडक्यावर निथळत ठेवायच्या. बीडच्या बेकरीचा पाव, तो एकाच बाजूनं भाजायचा आणि भाजलेली बाजू आत ठेवायची, म्हणजे टोमॅटोचं पाणी पावात शिरत नाही. अंड्याच्या सॉसऐवजी रात्रभर टांगलेल्या दह्याचा चक्का, त्यात वाटलेली मोहरी. आवोकाडो कुस्करून त्यात लिंबू आणि चिमूटभर मीठ. लेट्यूसचं बी साहेबानं आणलं होतं, ते न्हाणीच्या सांडपाण्यावर वाफ्यात उगवलं. आबा त्याला 'इलायती पाला' म्हणायचे. साहेबाचं वजन परत आलं आणि जाताना तो आबांच्या पाया पडला. एवढा गोरा माणूस वाकलेला बघून आबांनाच घाम फुटला. पुढंही यंत्रांच्या कामाला परदेशी माणसं येत राहिली, पुण्याहून बर्फाच्या पेट्याही येत राहिल्या, आणि उरलेला तुकडा आबा लिंबाखालीच माझ्या हातावर ठेवायचे.

गावात याची चर्चा झालीच. एकादशीला आबा दर्शनाला नारायणगडावर निघाले असताना एस.टी.त शेजारच्या गावच्या एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय बे रंभाजी, माळ घालून डुक्कर रांधतोस म्हनं?" मी मागच्याच बाकावर होतो. आबा चिडले नाहीत. म्हणाले, "रांधतो. भुकेल्या मानसाला घालतो. हात धुता येतेत गड्या. जीभ इटाळली तर ती कुठं धुवू?" तो माणूस खिडकीबाहेर बघू लागला. आबांच्या दृष्टीनं सगळा हिशोब इतका सोपा होता. तव्याला हात लावायचा तो दुसऱ्यासाठी, आणि जीभ मात्र स्वतःची, ती माळ घालताना दिलेल्या शब्दाशी बांधलेली.

साहेबानं खाल्लेल्या आवोकाडोची बी आबांनी आपल्या वस्तीवर, घराच्या न्हाणीशेजारी पुरली. ती वाढली. सात-आठ वर्षांनी तिला हिरवी, टणक फळं धरली आणि अख्खी वस्ती ती पिकायची वाट बघू लागली. पेरूसारखी पिवळी पडतील, आंब्यासारखा वास सुटेल, काहीतरी होईल. काही होईना. हे फळ झाडावर पिकतच नाही, हे कुणाला ठाऊक असणार. शेवटी आबांच्या बायकोनं, सोनाबाईंनी, कंटाळून चार फळं तोडली आणि दोडक्याची करतात तशी शेंगदाण्याचं कूट घालून भाजी केली. नव्या झाडाचं पहिलं फळ म्हणून शेजारीपाजारी वाटी वाटी दिली. त्या दिवशी मी सुट्टी काढून तिथं जेवायला होतो. पहिला घास घेतला आणि मला कडूलिंब आठवला. अंगणाअंगणांतून थुंकल्याचे आवाज येऊ लागले. सोनाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि रडतही होत्या. आबांनी मात्र ताटातली सगळी भाजी खाल्ली, वर माझ्या ताटातली ओढून घेतली. हात धुतल्यावर एवढंच म्हणाले, "ह्येला जाळ सोसत न्हाई. सायबानं कच्चंच घातलतं, मी इसरलो." पुढं दहा दिवसांनी ज्वारीच्या पोत्यात घरंगळत गेलेलं एक फळ मऊ होऊन सापडलं आणि कोडं सुटलं. तेव्हापासून वस्तीवरची फळं ज्वारीतच पिकतात.

मग आबांचे कान वाहायला लागले. आधी डावा, मग उजवा. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही पडदे गेलेत, वय झालंय, आता फार काही करता येणार नाही. आबांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. पण मला कळली ती एका साध्या गोष्टीवरून. आबांनी तर्जनी वर करणं सोडलं. स्वयंपाकघरात आम्ही मोठमोठ्यानं बोलत असायचो आणि ते गप्प काम करत असायचे. रोजचा वरणभात हाताच्या सवयीनं होऊन जायचा, त्यात फरक पडला नाही. सवयीनं होण्यासारखं नव्हतं ते बेकन.

त्यातच दुष्काळ. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला, बिंदुसरा नदीवरच्या पालीच्या धरणात गुरं कोरड्या तळात चरू लागली, ऊसच नव्हता म्हणून कारखान्याचा बॉयलर पेटला नाही. अर्धी कॉलनी रिकामी झाली. गेस्ट हाउसवर येणारे पाहुणे म्हणजे पाण्याच्या योजनांसाठी फिरणारी मंडळी. त्यांत दोन परदेशी होते. गेस्ट हाउसचे व्यवस्थापक जगताप उत्साहानं म्हणाले, आमच्या आबांच्या हातचं सँडविच खाऊन बघा. आबांनी लिंबाखाली दगड मांडले, तवा उतरवला. मी खिडकीतून बघत होतो. ते कान तव्याच्या इतके जवळ नेत होते की मला वाटलं, भाजतील. कलकलाट झाला, तो बसला, आणि आबा तसेच वाकून ऐकत राहिले. धूर आला तेव्हा त्यांना कळलं.

पाहुण्यांनी सभ्यपणे पाव खाल्ला आणि काळं बेकन कडेला काढून ठेवलं. आबा त्या ताटाकडं बघत दारात उभे होते.

जगताप माणूस वाईट नव्हते, पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. ते आबांना मोठ्यानं म्हणाले, "आबा, पुढच्या रविवारी हीच मंडळी परत येणार आहेत. एक तुकडा तोंडात टाकून बघत जा की. कोण बघतंय इथं? नाहीतर मला बीडहून हॉटेलातला आचारी आणावा लागेल, आणि दोन आचारी ठेवण्यासारखी वेळ आहे का आता?" आबांनी ऐकलं की नाही कळेना. मग माळेला हात लावून ते म्हणाले, "आचारी आना." आणि आत जाऊन परातीत पीठ मळू लागले. तीस वर्षांत उभं केलेलं स्वयंपाकघर त्यांनी दोन शब्दांत सोडून दिलं. मला त्यांचा इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला की त्या दिवशी मी जेवलोच नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून तापमापक आणला. चरबीत बुडवायचा, अमुक आकड्याला तवा उतरवायचा, झालं. आबांनी माझं मन मोडू नये म्हणून करून पाहिलं. पातळ चरबीत तापमापक नीट बुडेना, आकडा चढेना, पट्ट्या एका बाजूनं कच्च्या राहिल्या. ते म्हणाले, "ह्यो आकडा कुनाचा? चरबीचा का तव्याचा? ऱ्हाऊ द्या केमिस्टसायब, तुमी लई जीव लावलाव." आणि तापमापक धुऊन, पुसून, दोन्ही हातांनी परत दिला.

शुक्रवारी कॉलनीच्या बोअरचं पाणी अडखळू लागलं. त्या एका बोअरवर आमचं सगळ्यांचं चाललेलं, त्यामुळं बायामाणसं घागरी घेऊन जमली. गफूर मिस्त्री आले. ते कारखान्याचे जुने फिटर. बेअरिंग खराब झालंय का बघायचं तर ते लोखंडी सळई यंत्राला टेकवायचे आणि दुसरं टोक कानामागच्या हाडाला. इतक्या गोंगाटातही त्यांना आतलं बारीक खरखरणं ऐकू यायचं. त्या दिवशी त्यांनी सळई बोअरच्या पाइपाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "पानी हाय अजून. वर हवा मारायलाय. मोटार दोन पाइप खाली सोडा."

आबा घागर घेऊन रांगेत उभे होते. त्यांनी घागर खाली ठेवली, पुढं गेले आणि गफूरभाईंच्या हातातून सळई जवळजवळ हिसकावूनच घेतली. ती त्यांनी पाइपाला लावली, दुसरं टोक आपल्या कानामागं दाबलं. डोळे मिटले. आम्ही सगळे बघत होतो. आबांचा चेहरा आधी कोरा होता, मग त्यांनी सळई आणखी घट्ट दाबली.

"बोलायलंय," ते म्हणाले. "गफूरभाई, पानी बोलायलंय."

पडदे गेले होते, पण हाडातून आवाज आत पोचत होता. हे मला शास्त्र म्हणून माहीत असायला हवं होतं आणि सुचलं नाही, याची मला आजही लाज वाटते. आबा सळई सोडीनात. गफूरभाईंनी हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना सगळं कळलं होतं. म्हणाले, "ही सळई त्या तव्याला न्हाई लागू द्यायचो आबा, माझीबी अडचन समजून घ्या. तुमाला येगळी करून देतो." आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी एक हातभर लांब बाभळीचं दांडकं तासून, त्याला टोकाशी लोखंडाची टोपी बसवून आणून दिलं. लाकूड यासाठी की हात भाजू नये.

रविवारी लिंबाखाली दगड मांडले गेले. आबांनी टोपी तव्याच्या कडेला टेकवली, दांडक्याचं मागचं टोक कानामागं धरलं आणि मान वाकडी करून बसले. मी आणि जगताप पायरीवर. जगताप काहीतरी बोलायला गेले, तोच आबांची तर्जनी वर आली. तवा बरोबर उतरला. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. गफूरभाई लांब, फाटकापाशी उभे राहून विचारत होते, "जमलं का?" ज्या दोघांनी ते मांस कधी खाल्लं नाही, त्या दोघांनी मिळून ते जमवलं होतं. बीडच्या आचाऱ्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

स्वयंपाकघर राहिलं, पण कारखाना राहिला नाही. पुढं दोन वर्षांत तो बंदच पडला. गेस्ट हाउसला कुलूप लागलं, मला कोल्हापूरकडं नोकरी मिळाली, आबा लाल चिंधीचा तवा घेऊन वस्तीवर गेले. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या मुलानं लिहिलेलं पत्र आलं. आबांनी सांगितलेलं त्यानं जसंच्या तसं उतरवलं होतं. 'बेकन घेऊन या. तुम्हाला मी इतकी वर्षं पाहुण्यांचं उरलेलं उभ्या उभ्या खाऊ घातलं. एकदा घरी बसवून घालायचंय.'

मी पुण्याहून बर्फात घालून बेकन घेतलं आणि वडवणीला उतरलो. आबा खूप खंगले होते. मी पाया पडलो, काही बोललो, तर त्यांनी हसून कानाकडं बोट दाखवलं आणि हात हलवला. मुलानं सांगितलं, आता हाडातूनही काही येत नाही. दांडकं भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. मी म्हणालो, अहो मग कशाला हा घाट, मी आवोकाडो आणि पाव खाईन. मुलानं खुणेनं त्यांना सांगितलं. आबांनी मान हलवली आणि अंगणात तीन दगड मांडायला सुरुवात केली.

मला मनातून भीती वाटत होती. चाखणार नाहीत, ऐकू येणार नाही, आणि कुंपणापाशी जमलेल्या वस्तीसमोर हा माणूस शेवटच्या वेळी जाळून बसणार. चक्का तयार होता, टोमॅटो फडक्यावर निथळत होते, ज्वारीत पिकवलेलं फळ कुस्करून झालं होतं. आबांनी गार तव्यावर पट्ट्या मांडल्या आणि मंद जाळ केला.

तेव्हा सोनाबाई घरातून बाहेर आल्या. या बाईंना त्या वासानं उलटी व्हायची. आबांच्या त्या कपड्यांना त्यांनी कधी हात लावला नव्हता, आबा कारखान्यावरून आले की दोनदा अंघोळ करायला लावायच्या. त्यांनी पदर नाकाला घट्ट बांधला आणि आबांच्या पाठीशी मांडी घालून बसल्या. डावा कान तव्याकडं केला आणि उजवा हात आबांच्या पाठीवर ठेवला.

तवा चुरचुरू लागला तशी त्यांची दोन बोटं आबांच्या पाठीवर हळूहळू वाजू लागली. आवाज वाढला तशी बोटं भरभर पडू लागली. सगळी बोटं, नुसता पाऊस. सोनाबाईंचे डोळे वासानं भरून आले होते, पण त्या हलल्या नाहीत. कुणीतरी कुंपणापाशी बोलत होतं. आबांना ते ऐकू येणं शक्य नव्हतं. पण सोनाबाईंनी दुसऱ्या हाताची तर्जनी वर केली आणि सगळं अंगण गप्प झालं.

मग बोटं मंदावली. एक, मग थोड्या वेळानं एक. आबा डोळे मिटून, मान झुकवून बसले होते, पूर्वी कढईपुढं बसायचे तसेच.

सोनाबाईंची बोटं थांबली. आबांनी तवा उतरवला.